जॉर्जियन की व्हिक्टोरियन? आधी अंगठी उलटी करा

जुन्या इंग्लिश अंगठ्यांच्या नादाला लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच दोन शब्द भेटतात, जॉर्जियन आणि व्हिक्टोरियन. विक्रेते दोन्ही शब्द सैल हाताने वापरतात. 1845 ची अंगठी 'जॉर्जियन' म्हणून मांडलेली असते आणि 1890 ची 'सुरुवातीच्या व्हिक्टोरियन काळातली' म्हणून. त्या एका शब्दावर किंमत कुठल्या कुठे जाते, कारण खऱ्या जॉर्जियन अंगठ्या फार थोड्या उरल्या आहेत. अंगठी रोज बोटात राहते आणि झिजते. त्यातून उरलेली पुढच्या पिढीला जुनाट वाटते, मग सोनं वितळवून खडे नव्या घडणीत जातात. 

आधी तारखा. इंग्लंडच्या गादीवर लागोपाठ बसलेल्या चार जॉर्ज राजांचा काळ 1714 ते 1830. त्यानंतरची चौथ्या विल्यमची सात वर्षंही बहुतेक संग्राहक जॉर्जियनमध्येच धरतात. (जॉर्जिया नावाच्या देशाशी या शब्दाचा काहीही संबंध नाही.) 20 जून 1837 ला व्हिक्टोरिया राणी झाली आणि 22 जानेवारी 1901 ला वारली, तो व्हिक्टोरियन काळ. आपल्या हिशेबात बसवायचं तर बाळाजी विश्वनाथ 1713 मध्ये पेशवे झाले आणि पेशवाई 1818 मध्ये संपली, म्हणजे जवळजवळ अख्खी पेशवाई जॉर्जियन काळात मावते.

राणी गादीवर आली म्हणून सोनाराचा हात दुसऱ्या दिवशी बदलला नाही. साधारण 1820 ते 1850 या तीस वर्षांतल्या अंगठ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात, आणि बहुतेक घोळ याच तीस वर्षांत होतो. म्हणून अंगठी हातात आली की मी दर्शनी बाजू बघतच नाही. आधी ती उलटी करते.

जॉर्जियन अंगठीची पाठ बहुधा बंद असते. खड्यामागे सोन्याचा किंवा चांदीचा पत्रा, आणि पत्रा व खडा यांच्यामध्ये रंगीत वर्ख. आपल्या कोंदणाचं तत्त्व हेच आहे, आणि म्हणून कुंदनाचा हार पाहिलेल्या डोळ्याला जॉर्जियन अंगठी परकी वाटत नाही. फरक आहे तो खडा धरण्याच्या रीतीत. कुंदनात शुद्ध सोन्याच्या पट्ट्या खड्याभोवती दाबून घट्ट बसवतात. इंग्लिश कारागीर पत्र्याची भिंत उभी करायचा, तिची कड खड्यावर वळवायचा आणि मग ती कड छिन्नीने कोरून कंगोरे पाडायचा. 18व्या शतकातल्या पुष्कळ अंगठ्यांच्या पाठीवर मध्यापासून कडेकडे गेलेल्या बारीक पन्हळी असतात. बोटाला टेकणारी, कुणालाच न दिसणारी बाजू इतक्या मायेने घडवलेली पाहिली की मला दर वेळी भरून येतं.

पाठ बंद ठेवायला कारण होतं मेणबत्ती. त्या काळी दागिना मिरवायचा तो रात्री, हलत्या पिवळ्या ज्योतींच्या उजेडात. मागून प्रकाश येण्याचा प्रश्नच नव्हता. समोरून आलेला थोडासा उजेड वर्ख परत फेकायचा आणि खडा आतून पेटल्यासारखा वाटायचा. वर्खाने रंगही ठरायचा. फिकट गार्नेटखाली लाल, गुलाबी पुष्कराजाखाली गुलाबी. काचेच्या खड्यांनाही हाच मान होता. पॅरिसच्या जॉर्ज फ्रेडरिक स्ट्रास या जवाहिऱ्याचं नाव ज्या चमकदार, शिसं घातलेल्या काचेला चिकटलं ती काच जॉर्जियन अंगठ्यांत सर्रास दिसते. काच आहे म्हणून अंगठी नाकारू नका. हिरा वाया जाईल म्हणून जो आकार द्यायला कारागीर धजत नसे, तो काचेला देता यायचा, त्यामुळे ते खडे एकमेकांना खेटून बसवलेले असतात. पुष्कळदा अशा काचेच्या तळाशी काळ्या रंगाचा एक ठिपका असतो. जुन्या हिऱ्याचं सपाट कापलेलं टोक वरून काळपट दिसतं, त्याची ती नक्कल.

व्हिक्टोरियन अंगठीची पाठ उघडी होत जाते. घरात गॅसचे दिवे आले, पुढे 1880 नंतर विजेचे आले, आणि खड्यातून प्रकाश आरपार जाऊ देण्यात अर्थ निर्माण झाला. पत्र्याच्या भिंतीची जागा खडा कडेने पकडून धरणाऱ्या बारीक आकड्यांनी घेतली. पण इथेच नवखा संग्राहक फसतो. 'पाठ बंद म्हणजे जॉर्जियन' हा नियम पारदर्शक खड्यांपुरताच. फिरोजा, पोवळं, ओपल, अर्धे कापलेले मोती यांना मागून उजेड देऊन काही मिळत नाही, म्हणून व्हिक्टोरियन सोनारांनीही ते बंद कोंदणात बसवले. उलट बाजूने, 1800 च्या आसपासच्या काही हिऱ्यांच्या अंगठ्यांची पाठ उघडी सापडते. माणिक किंवा अ‍ॅमेथिस्ट वर्खावर बसवलेला आणि पाठ बंद असेल, तर जॉर्जियन म्हणायला आधार आहे. फिरोजाची पाठ बंद असेल, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

या वर्खाचा एक धडा मी महागात घेतला. माझी पहिली जॉर्जियन अंगठी सपाट कापलेल्या गार्नेटच्या फुलाची होती, आठ पाकळ्यांची. आमच्याकडे सोनं उजळायचं तर रिठ्याचं पाणी, ही सवय अंगवळणी पडलेली. दोन मिनिटं भिजवली, मऊ ब्रशने घासली. दुसऱ्या दिवशी दोन पाकळ्या काळ्या पडलेल्या. पाणी कोंदणात शिरून वर्ख विटला होता. खड्यांना काही झालं नव्हतं, त्यांच्या मागचा दिवा विझला होता. नवा वर्ख घालता येतो, पण त्यासाठी अडीचशे वर्षांपूर्वी दाबलेली कड उचकटावी लागते, म्हणून मी ती तशीच ठेवली आहे. बंद पाठीच्या अंगठीला पाणी नको, कोरडं मऊ फडकं पुरे. ती घालून हातही धुवू नका.

हिऱ्याची अंगठी असेल तर हिऱ्याखालचा धातू पाहा. जॉर्जियन कारागीर हिरा चांदीत बसवायचे, म्हणजे पिवळ्या सोन्याची झाक पांढऱ्या खड्यावर पडत नाही. चांदीने बोट आणि कपडे काळे होऊ नयेत म्हणून मागे सोन्याचा थर. ही रीत व्हिक्टोरियन काळातही चालू राहिली, पण शतक संपता संपता हिरा थेट सोन्यात बसवणं रुळलं. हिऱ्यांचं मूळही काळ सांगतं. 18व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपातले जवळजवळ सगळे हिरे आपल्याकडून, गोवळकोंड्याच्या खाणींतून जात. त्या व्यापारात आधी गोवा आणि नंतर मद्रास ही मोठी ठाणी होती, आणि लंडनचे व्यापारी हिऱ्यांच्या बदल्यात भूमध्य समुद्रातलं पोवळं पाठवत. 1720 च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले. 1867 मध्ये दक्षिण आफ्रिकेत पहिला सापडला, आणि त्यानंतर वीस वर्षांत हिरा इंग्लिश मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. म्हणून ओळीने पाच हिरे मांडलेली ती परिचित अंगठी बहुतेक वेळा 1880 नंतरची असते. तिला जॉर्जियन म्हणणाऱ्याशी बोलणंच खुंटलं.

कापणीही पाहावी. रोझ कट म्हणजे तळ सपाट आणि वर घुमटासारखे त्रिकोणी पैलू. आपल्याकडच्या पोलकीशी, म्हणजे जवळजवळ न कापलेल्या हिऱ्याशी, गल्लत करू नका, पोलकीला असे नेमके पैलू नसतात. ओल्ड माइन कटचा हिरा उशीसारखा चौकोनी गोलसर आणि उंच, वरचा सपाट भाग लहान. हे दोन्ही जॉर्जियन अंगठीत दिसतात, व्हिक्टोरियनमध्येही दिसतात. काठ अगदी गोल असलेला जुना हिरा मात्र 19व्या शतकाच्या उत्तरार्धातला, कारण हिरा गोल घासणारी यंत्रं 1870 च्या दशकात आली. रोझ कट आजही पाडला जातो, तेव्हा एकट्या कापणीवर विसंबून पैसे मोजू नयेत.

सोन्याच्या शुद्धतेचा छाप असेल तर सगळ्यांत सोपं. ब्रिटनमध्ये 9, 12 आणि 15 कॅरट सोन्याला कायदेशीर मान्यता 1854 मध्ये मिळाली. त्याआधी 22 आणि 1798 पासून 18, एवढेच दर्जे होते. 12 आणि 15 कॅरट 1932 मध्ये बंद झाले. तेव्हा बोटाभोवतीच्या पट्टीच्या आत '15' किंवा '9' असेल तर ती पट्टी जॉर्जियन असूच शकत नाही. एका विक्रेत्याने मला 'तिसऱ्या जॉर्जच्या काळातली' म्हणून दाखवलेल्या अंगठीत भिंगाखाली 9 चा छाप स्वच्छ वाचता येत होता. छाप नसेल तर मात्र घाबरायचं कारण नाही. 1739 च्या कायद्याने खडे जडवलेल्या कामाला छापातून सूट होती, त्यामुळे बहुसंख्य जॉर्जियन अंगठ्या कोऱ्याच असतात.

त्या सुटीला एक अपवाद होता, शोकाच्या अंगठ्यांचा. माझा जीव जडला आहे तो यांच्यावर. माणूस मृत्युपत्रातच पैसे ठेवून जायचा, की अमक्या अमक्याला माझ्या नावाची अंगठी द्यावी. 1740 ते 1760 च्या सुमाराच्या अंगठ्यांत पट्टी लाटांसारखी वळणं घेते, आणि तिच्यावर मीन्यात नाव, मृत्यूची तारीख आणि वय असतं. काळा मीना सर्वांसाठी, पांढरा बहुधा लहान मूल किंवा अविवाहित व्यक्ती गेली असेल तर. 1780 च्या आसपास अंगठीचा माथा होडीसारखा लांबट होतो आणि त्यात रक्षापात्र, झुकलेला विलो वृक्ष, थडग्याशी बसलेली स्त्री अशी चित्रं येतात. स्फटिकाखाली गेलेल्याच्या केसांची वेणी. आपल्याकडे गेलेल्या माणसाचा केस जपून ठेवणं मनाला पटत नाही, मलाही आधी शहारा आला होता. मग एका पांढऱ्या मीन्याच्या अंगठीवर वय वाचलं, वर्षं 3. त्यानंतर मी त्या केसांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले.

व्हिक्टोरियन शोक अधिक काळा आणि अधिक सार्वजनिक. 14 डिसेंबर 1861 ला प्रिन्स अल्बर्ट गेला आणि राणीने उरलेली चाळीस वर्षं काळे कपडे उतरवले नाहीत. तिच्या मागोमाग समाजाने शोकाचे नियम बांधले, आणि दागिने कारखान्यांत बनू लागले. यॉर्कशरच्या व्हिटबी गावचं जेट, म्हणजे दगडासारखं झालेलं काळं जीवाश्म लाकूड, याच लाटेवर घरोघरी पोचलं. अंगठ्यांवर बाहेरून काळ्या मीन्यात 'स्मरणार्थ' अशा अर्थाची ठरलेली अक्षरं येतात, आणि नाव आत, पट्टीच्या पोटात जातं. जॉर्जियन अंगठी गेलेल्याचं नाव जगाला वाचून दाखवते, व्हिक्टोरियन अंगठी ते त्वचेला लावून ठेवते. माझ्या अनुभवात हा फरक पुष्कळदा खरा ठरतो.

प्रेमाच्या अंगठ्यांत इतका स्पष्ट भेद नाही. खड्यांच्या नावांच्या आद्याक्षरांतून शब्द साधणाऱ्या अंगठ्या (रुबी, एमराल्ड, गार्नेट, अ‍ॅमेथिस्ट, रुबी, डायमंड मिळून 'रिगार्ड') जॉर्जियन काळाच्या शेवटी आल्या आणि व्हिक्टोरियन काळात भरपूर चालल्या. नाग दोन्हीकडे आहे, पण अल्बर्टने व्हिक्टोरियाला वाङ्‌निश्चयाला पाचू जडवलेली नागाची अंगठी दिली आणि त्यानंतर नागांचा सुकाळ झाला. तेव्हा नाग दिसला की आधी व्हिक्टोरियन समजून चालावं.

काही खडेच साक्ष देतात. उरल पर्वतातला डिमँटॉइड हा हिरवा गार्नेट 19व्या शतकाच्या मध्यात सापडला, काश्मीरचा नीलम 1880 च्या सुमारास. माणकात भिंगाखाली वाकड्या, समांतर रेषा दिसल्या तर तो भट्टीत केलेला, आणि तशी पद्धत व्हर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1902 मध्ये जाहीर केली. असा खडा जॉर्जियन कोंदणात बसला असेल, तर मूळचा पडला आणि कुणीतरी नवा भरला.

सगळ्यांत अवघड असतात जोडलेल्या अंगठ्या. जॉर्जियन गुंडी, कर्णफूल किंवा टाचणीचा माथा पुढच्या पिढीने उचलला आणि त्याला पट्टी झाळली. ओळखायचं ते पट्टी आणि माथा यांच्या सांध्यावरून. मूळ अंगठीत पट्टीचे खांदे दोन-तीन फाटे होऊन माथ्याला भिडतात, किंवा त्यांच्यावर कोरलेली पानं असतात, आणि झीज दोन्हीकडे सारखी असते. जोडलेल्या अंगठीत माथा झिजून गुळगुळीत आणि पट्टीच्या कडा धारदार, किंवा सोन्याचा रंगच वेगळा. माझ्याकडे अशी एक आहे. माथा 1780 च्या आसपासचा, निळ्या काचेवर हिऱ्याचे कण, पाठीवर पन्हळी. पट्टीत 15 चा छाप. विकणाऱ्या बाईंनी ती 'जोडलेली' म्हणूनच दाखवली, किंमतही तशीच सांगितली, आणि सांधा पाहायला स्वतःचं भिंग हातात दिलं. अंगठ्या मी आजही त्यांच्याकडूनच घेते.