पक्षाघातोत्तर चालण्यातील ऊर्जाव्यय
पक्षाघातानंतर (कोकणातील रूढ शब्दांत ‘अंगावरून वारे गेल्यावर’) ठरावीक अंतर चालण्यासाठी शरीराला खर्चावी लागणारी ऊर्जा. ती श्वासावाटे वापरलेल्या ऑक्सिजनवरून काढतात. १ लिटर ऑक्सिजनमागे सुमारे २० किलोजूल ऊर्जा धरली जाते.

निरोगी प्रौढ व्यक्ती सपाटीवर मिनिटाला सुमारे ८० मी. चालते व त्यासाठी शरीरभाराच्या दर किग्रॅ.मागे मिनिटाला अंदाजे १२ मिलि. ऑक्सिजन वापरते. पक्षाघातातून सावरलेल्या व्यक्तीचा मिनिटाचा आकडाही बहुधा याच्याच आसपास भरतो, त्यामुळे खर्च वाढलेलाच नाही असा समज होऊ शकतो. परंतु तेवढ्या वेळात ती ३० मी.च गेली असेल, तर दर किग्रॅ.ला मीटरमागचा खर्च ०.१५ वरून सुमारे ०.४ मिलि.वर गेलेला असतो.

या वाढीचे कारण काय, याविषयी मतभेद आहेत. वेग आणि मीटरमागचा खर्च यांचा आलेख खोलगट असतो, म्हणजे मध्यम वेगाला खर्च सर्वांत कमी असतो, हे संशोधक राल्स्टन यांनी १९५८ मध्ये दाखविले. अतिशय सावकाश चालणे निरोगी माणसालाही महाग पडते. शिवाय विश्रांतीतही मिनिटाला दर किग्रॅ.मागे सुमारे ३.५ मिलि. ऑक्सिजन लागतोच आणि वेग मंदावला की तो थोड्या मीटरांवर वाटला जातो. त्यावरून काही अभ्यासक सारा दोष मंद गतीलाच देतात. मात्र वरील उदाहरणात विश्रांतीचा वाटा वजा केला तरी प्रमाण अडीचपटींच्या आसपासच राहते. निरोगी व्यक्तीला तितक्याच सावकाश चालवून तुलना केली, तर फरक घटतो, पण नाहीसा होत नाही. तेव्हा गतीइतकाच चालण्याचा ढंगही कारणीभूत मानणे अधिक सयुक्तिक दिसते. बाधित पाय गुडघ्यात पुरेसा वाकत नाही, म्हणून कंबर उचलून तो बाहेरून फिरवत पुढे आणावा लागतो. त्या पायाचा रेटा कमी पडल्याने देह पुढे ढकलण्याचे बरेचसे काम दुसऱ्या पायावर येते. ताठरलेले स्नायू परस्परांविरुद्ध आखडतात, तो खर्च वेगळाच.

घोट्याला आधार देणाऱ्या स्प्लिंटने हा व्यय कमी होतो, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे.

वरील आकडे सपाट, कठीण पृष्ठभागाचे आहेत. कोकण किनाऱ्यावर पुष्कळ वाड्या उताराला असून सड्यावरच्या (माथ्यावरील खडकाळ पठारावरच्या) रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरावी लागते. चढणीला देहभार उचलण्याचा खर्च वाढतो आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर पाऊल जपून टाकताना वेग आणखी घटतो. पुळणीची (किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्याची) गोष्ट निराळी : १९९८ च्या एका प्रयोगात निरोगी व्यक्तींना वाळूत चालताना, त्याच वेगाने कठीण जमिनीवर चालण्याच्या २.१ ते २.७ पट ऊर्जा लागली. ओहोटीच्या वेळी पाण्यालगत उघडी पडणारी घट्ट ओली वाळू त्या मानाने सोपी. मात्र तिथवर पोचायला आधी मऊ पट्टा ओलांडावा लागतो.