वार लागला हे ठरवायचं कोणी? रोलप्लेमधल्या लढाईच्या नियमांची पार्श्वभूमी

एक खेळाडू लिहितो, 'माझ्या तलवारीने त्याचं मुंडकं उडवलं.' दुसरा लिहितो, 'तलवार मला लागलीच नाही.' मजकुरावर चालणाऱ्या रोलप्लेमध्ये, म्हणजे पात्र होऊन लिहीत खेळायच्या खेळात, दोघांचंही बरोबर असतं, कारण तिथे ना तलवार असते ना मुंडकं, असतात फक्त दोन वाक्यं. गॉडमॉडिंग (आपलं पात्र अजिंक्य करून टाकणं), पॉवरगेमिंग (समोरच्याला संधी न देता आपलाच निकाल लादणं), मेटागेमिंग (पात्राला ठाऊक नसलेली माहिती वापरणं) असे शब्द आज प्रत्येक सर्व्हरच्या नियमावलीत दिसतात. ते याच भांडणातून आले आहेत आणि भांडण संगणकापेक्षा जुनं आहे.

प्रशियाच्या सैन्यातले लेफ्टनंट फॉन राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये क्रीगस्पील या युद्धखेळाचे नियम छापले. नकाशावर दोन बाजू आणि मध्ये पंच. खेळाडू लेखी हुकूम पंचाकडे देत, एक पाळी म्हणजे युद्धातली दोन मिनिटं, आणि नुकसान किती झालं ते फासे व तक्ते पाहून ठरे. शत्रूची जी तुकडी आपल्याला दिसू शकत नाही, ती नकाशावर मांडलीच जात नसे. मेटागेमिंगविरुद्धचा इतका पक्का बंदोबस्त नंतर फार थोड्यांना जमला. पुढे तक्ते इतके वाढले की खेळ रेंगाळू लागला. म्हणून १८७६ मध्ये फेर्डी दु व्हर्नुआ यांनी तक्ते बाजूला सारून अनुभवी पंचाच्या अंदाजावर निकाल सोपवला. फाशांनी ठरवायचं की पंचाने, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा रोलप्ले खेळ आला. एका फटक्यात आपलं पात्र मरावं हे खेळाडूंना पटेना, म्हणून आधीच्या एका नौदलाच्या खेळातून 'हिट पॉइंट' (पात्र किती मार सोसेल याचा आकडा) उचलले, असं आर्नेसन यांनी सांगितलं आहे. वीस बाजूंच्या फाशाचा तक्ता त्या पहिल्या पुस्तकात 'पर्यायी' म्हणून दिला होता. लोकांनी पर्यायच उचलला.

एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केलेल्या आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे वाढवलेल्या मडमध्ये, म्हणजे अनेकांनी संगणकावर एकत्र खेळायच्या मजकुराच्या खेळात, पंचाची जागा संगणकाने घेतली. वार लागला की नाही हे प्रोग्राम सांगे, त्यामुळे वाद मिटला. पण लढाईत काय घडू शकतं हेही प्रोग्रामच ठरवू लागला. जेम्स ॲस्पनेस यांच्या १९८९ च्या टायनीमडने हे उलटवलं. तिथे मारण्याचा हुकूम होता, पण तो थट्टेचाच. जितकी नाणी मोजाल तितके टक्के यशाची शक्यता, शंभर मोजली की हमखास यश, आणि मेलेल्याला विम्याची ५० नाणी. खरा बदल 'पोझ' या हुकुमाने झाला. आपल्या पात्राबद्दल हवं ते वाक्य लिहा, ते सगळ्यांना दिसेल. टायनीमडमधून निघालेल्या मश सर्व्हरांवर १९९० नंतर लिहून लढायची पद्धत रुजली ती यामुळे.

दुसऱ्याच्या पात्राच्या वतीने लिहिणं किती दूर जाऊ शकतं, ते १९९३ मध्ये लॅम्डामू या मडसारख्याच मजकुराच्या जगात दिसलं. एका वापरकर्त्याने छोट्या प्रोग्रामच्या आधारे इतरांच्या पात्रांच्या नावावर लैंगिक अत्याचाराची वाक्यं तिथल्या भर दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर उमटवली. त्याचं खातं एका व्यवस्थापकाने स्वतःच्या जबाबदारीवर उडवलं. त्यानंतर संस्थापक पावेल कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. 'दुसऱ्याचं पात्र हलवायचं नाही' या कलमाकडे शिष्टाचार म्हणून पाहणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा.

नव्वदीच्या दशकात चॅटरूममध्ये तर प्रोग्रामही नव्हता आणि मशसारखं व्यवस्थापनही. तिथे घडलेली शिस्त आजही मुक्त रोलप्लेचा कणा आहे. हल्ला करणाऱ्याने फक्त प्रयत्न लिहायचा: 'डाव्या खांद्याच्या रोखाने तलवार खाली आणतो.' लागली, निसटली की ढालीवर आदळली, हे ज्याच्यावर वार झाला तो लिहिणार. निकाल स्वतःच लिहिला तर तो ऑटो-हिट, आणि ती पोस्ट रद्द. मोठा हल्ला करायचा तर आधीच्या दोन-तीन पाळ्यांत त्याची तयारी दिसली पाहिजे, म्हणजे समोरच्याला ती मोडायची संधी मिळते. मनात केलेली तयारी धरली जात नाही.

ही पद्धत कुठे अडते तेही लवकरच कळलं. निर्णय बचाव करणाऱ्याच्या हाती गेल्यावर काहींना वारच लागेनात. शंभर वार चुकवणारा पठ्ठ्या कोणताही नियम मोडत नाही, तो फक्त खेळ मारतो. यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे त्रयस्थ पंच. एओएल या इंटरनेट सेवेच्या चॅटरूममधल्या द्वंद्वांमध्ये दोघे आपापला डाव पंचाला खासगी निरोपाने कळवत आणि तो तक्ता पाहून दोन्ही डावांचा निकाल एकदम जाहीर करी. दुसरा उपाय फाशांचा, पण चॅटरूमने सगळ्यांसमोर टाकलेल्या. घरी टाकून सांगितलेला फासा कोण मानणार?

फासा सर्वांसमोर पडला तरी लबाडी होतेच. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळातल्या, फासा टाकायच्या 'रोल' हुकुमाला कक्षा देता येते. १ ते १०० ऐवजी ५० ते १०० टाकला तरी मोठा आकडा तेवढा चटकन दिसतो, कंसातली कक्षा घाईत कोणी वाचत नाही. निकाल मान्य करण्याआधी कंस वाचायचा.

'अल्टिमा ऑनलाइन' (१९९७) या खेळाने न्याय थेट प्रोग्राममध्ये बसवायचा प्रयत्न केला आणि त्यातून सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. निरपराधाचं नाव निळं, गुन्हेगाराचं राखाडी, खुन्याचं लाल. मेलेल्या खेळाडूला विचारलं जाई, मारणाऱ्याची तक्रार करायची का? अशा पाच तक्रारी झाल्या की नाव लाल. तक्रारीची अल्पमुदतीची नोंद आठ तासांनी, दीर्घमुदतीची चाळीस तासांनी गळे, पण हे तास खेळात हजर असल्याचे मोजले जात. मग खुनी घरात पात्र उभं करून ठेवत आणि शिक्षा 'जाळत'. काही जण जादूच्या माऱ्यात मुद्दाम घुसत, मारा करणारा राखाडी झाला की त्याला बिनधास्त कापत आणि स्वतः निळेच राहत. रंग कृती पाहत होता, हेतू नाही. अखेर मे २००० मध्ये जगाचे दोन भाग झाले: फेलुकामध्ये जुनेच नियम, ट्रॅमेलमध्ये संमतीशिवाय खून अशक्य. जुने खेळाडू अजून ट्रॅमेलला नावं ठेवतात. पण दुसरा टिकाऊ तोडगा तेव्हा कोणाकडे नव्हता.

आज मराठी मुलांनाही हे नियम भेटतात ते बहुधा जीटीए ('ग्रँड थेफ्ट ऑटो') या खेळाच्या फाइव्हएम सर्व्हरांवर. तिथे गोळी लागली की नाही हे इंजिन सांगतं, म्हणून नियम कारणाकडे वळले. कथेत वैर नसताना मारणं म्हणजे आरडीएम, गाडीखाली चिरडणं व्हीडीएम. न्यू लाइफ रूलप्रमाणे मेलेल्या पात्राला मरणाआधीचा प्रसंग आठवत नाही, म्हणून सूड घ्यायला तिथे परतता येत नाही. डोक्याला पिस्तूल लागलं असताना हात वर न करणं हाही गुन्हा. लढाईच्या मध्येच खेळाशी जोडणी तोडून पळणं म्हणजे कॉम्बॅट लॉगिंग. पण वीज गेली तरी पडद्यावर तेच दिसतं, म्हणून समंजस ॲडमिन परत येऊन प्रसंग पुरा करायची मुभा देतात.

जुनी मजकुराची लढाई इथे दोन हुकुमांत उरली आहे. 'मी'ने कृती लिहायची: 'त्याचे खिसे चाचपतो.' 'डू'ने विचारायचं: 'पिस्तूल हाताला लागेल का?' उत्तर ज्याची झडती घेतली जाते त्याने द्यायचं, आणि खरं. खोटं उत्तर म्हणजे पॉवरगेमिंग. तक्रार करताना बरेच जण गोळी सुटल्यापासूनची क्लिप पाठवतात आणि ती फेटाळली जाते, कारण आरडीएम की नाही हे आधीच्या बोलाचालीवर ठरतं. क्लिपमध्ये निदान आधीची मिनिट-दोन मिनिटं, आवाजासकट, हवीत.