मोठी फाइल अपलोड होताना मध्येच का तुटते?

अंधेरीतल्या एडिटिंग स्टुडिओंपासून गिरगावातल्या छपाईवाल्यांपर्यंत आमच्या ग्राहकांची मागणी एकच असते: "सर्व्हरची मर्यादा वाढवून द्या." ती आम्ही वाढवून देतो. पण फाइल काही जीबींची असली की तेवढ्याने भागत नाही. का, ते आपल्याला ठाऊक असावं म्हणून हे पत्रक.

मुळात मर्यादा एकाच ठिकाणी नसते. एनजिन्क्स (सर्व्हरवर येणारं सगळं आधी घेणारा प्रोग्रॅम) मूळ सेटिंगमध्ये १ एमबीपेक्षा मोठं काही घेत नाही. '४१३' (फाइल फार मोठी) हा एरर बहुधा तिथूनच येतो. त्याच्यामागे पीएचपी (साइट ज्यात लिहिलेली असते ती भाषा) असेल तर एका फाइलला २ एमबी आणि अख्ख्या फॉर्मला ८ एमबी अशा आणखी दोन मर्यादा. या दोनपैकी फक्त पहिली वाढवली, की मोठी फाइल जोडलेला फॉर्म सर्व्हरवर कोराच पोहोचतो आणि चूक कुठे झाली ते कुणाला कळत नाही. साइटपुढे क्लाउडफ्लेअर या मधल्या सेवेचा फुकट प्लॅन असेल तर १०० एमबीला तिथेच अडतं, आणि ते आमच्या हातात नाही.

हे सगळं सैल केलं तरी वेळ लागायचा तो लागतोच. फाइल मोजतात बाइटमध्ये, इंटरनेटचा वेग बिटमध्ये; आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे २० एमबीपीएस अपलोड असेल तर सेकंदाला जातात जेमतेम अडीच एमबी. १० जीबीचा लग्नाचा व्हिडिओ चढायला साधारण ६७ मिनिटं, तीही लाइन एकसारखी चालली तर. दरम्यान वाय-फाय गेलं, लॅपटॉप स्लीपमध्ये गेला किंवा हॉटस्पॉट लावून आपण लोकलमध्ये चढलात, तर साधा अपलोड ९८ टक्क्यांवरूनही शून्यावर येतो.

सर्व्हरचे हालही कमी नसतात. एनजिन्क्स फाइल आधी तात्पुरत्या जागी पूर्ण उतरवून घेतं, मग पुढे देतं. पुढचा प्रोग्रॅम तिची आणखी एक प्रत करतो. म्हणजे १० जीबीसाठी काही काळ २० जीबी डिस्क अडते. डिस्क भरली की डेटाबेसही थांबतो आणि त्या सर्व्हरवरच्या इतरांच्या साइट बंद पडतात. आमच्या मते नुसती मर्यादा वाढवणं हा मोठ्या फाइलवरचा इलाज नव्हेच.

म्हणून आम्ही फाइलचे ब्राउझरमध्येच १६ एमबीचे तुकडे करतो आणि ते वेब सर्व्हरला न शिवता थेट अ‍ॅमेझॉन एस३ या ऑनलाइन साठवण सेवेच्या मुंबई विभागात पाठवतो. तिथे एका फाइलचे जास्तीत जास्त १०,००० तुकडे चालतात, त्यामुळे १६० जीबीच्या आसपासपर्यंत अडचण येत नाही. लाइन तुटली तर फक्त राहिलेले तुकडे जातात. प्रत्येक तुकड्याचा चेकसम (आतल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) तपासतो. जुळला नाही तर तेवढाच तुकडा पुन्हा मागवतो. अर्धवट राहिलेल्या तुकड्यांचंही भाडं चढत असतं, म्हणून ते ७ दिवसांनी आपोआप पुसले जातात. राहिलेला अपलोड त्याआधी पूर्ण करा.

टॅब चुकून बंद झाला तर तीच फाइल पुन्हा निवडा. ब्राउझर आपल्या परवानगीशिवाय ती उघडत नाही, पण निवडलीत की पुढचं तो सांभाळतो. मात्र मधल्या काळात ती पुन्हा एक्सपोर्ट करू नका; नाव तेच राहिलं तरी आतला मजकूर बदलतो आणि जुने तुकडे जुळत नाहीत.

तरीही अडलंच, तर फाइलचा आकार, अडलेली वेळ आणि स्क्रीनवरचा एररचा आकडा कळवा. एवढ्यावरून आम्हाला लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमध्ये, नेमकी ओळ सापडते.