घड्याळ-चित्र चाचणी

स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या प्राथमिक तपासणीत वापरली जाणारी कागद-पेन्सिलीची छोटी चाचणी. समोरच्या व्यक्तीला कोरा कागद देऊन घड्याळाची तबकडी काढायला, आकडे घालायला आणि बहुधा ‘अकरा वाजून दहा मिनिटे’ दाखवायला सांगतात. २००० साली आलेल्या मिनी-कॉग चाचणीत ती तीन शब्दांच्या आठवणीसोबत घेतात. २००५ च्या मोका या स्मृती आणि विचारशक्ती तपासणाऱ्या चाचणीत ३० पैकी ३ गुण तिला आहेत.

अकरा-दहा ही वेळ मुद्दाम निवडलेली आहे. एक काटा डावीकडे, दुसरा उजवीकडे, त्यामुळे तबकडीच्या दोन्ही बाजूंचे भान ठेवावे लागते. शिवाय कानावर ‘दहा’ पडलेले असते आणि मिनिटकाटा मात्र २ वर न्यायचा असतो. तो मोह आवरणे हे मेंदूच्या पुढच्या भागाचे, फ्रंटल लोबचे काम. ते जमले नाही की गोल सुबक, आकडे जागच्या जागी, पण काटा थेट १० वर जातो. गुणांच्या बेरजेपेक्षा अशी एक चूक कितीतरी जास्त सांगते.

चित्र बिघडले तर तयार घड्याळ समोर ठेवून नक्कल करायला सांगतात. नक्कल नीट उतरली, तर नजर आणि हात यांचा मेळ शाबूत आहे. आठवण किंवा आखणी डळमळली आहे. नक्कलही विस्कटली, तर जागेचे भान राखणाऱ्या पॅरायटल लोबची शंका येते. अल्झायमरमध्ये झीज सहसा हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे आठवणी साठवणाऱ्या भागाच्या परिसरात सुरू होऊन पुढे पॅरायटल भागात पोचते, म्हणून आरंभी नक्कल बऱ्यापैकी साधते. स्मृतिभ्रंशाच्या लेवी बॉडी प्रकारात नक्कल लवकर बिघडते. फ्रंटोटेम्पोरल, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भाग झिजणाऱ्या प्रकारात, स्वभाव पार बदललेला असतानाही, चित्र निर्दोष येऊ शकते. तेव्हा घड्याळ बरोबर आले म्हणून निर्धास्त होऊ नये.

लंडनमध्ये राहणारे अमेरिकी चित्रकार विल्यम उटरमोलेन यांना १९९५ मध्ये अल्झायमरचे निदान झाले. त्यानंतरही ते काही वर्षे स्वतःचीच चित्रे काढत राहिले. चेहऱ्याची ठेवण हळूहळू मोडत गेलेली त्यांत दिसते, आणि तरी हात थांबलेला नाही.

आपल्याकडे ही चाचणी जपून वापरावी लागते. आयुष्यभर खुरपे धरलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या आजीच्या हाती पेन्सिल दिली, तर वाकडे घड्याळ तिच्या मेंदूविषयी फारसे काही सांगत नाही. तिथे घरच्यांनाच विचारावे लागते: रोजचा स्वयंपाक जमतो का, सुट्टे पैसे मोजता येतात का, शेतावरून घरची वाट सापडते का.