लपलेले सहचर तारे : अतिनील वर्णपटातून शोध

मोठ्या वस्तुमानाच्या युग्मताऱ्यांत, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोडीत, एकाच्या झगमगाटात दुसरा बरेचदा हरवून जातो. हा सहचर पुरेसा तप्त असेल, तर अतिनील वर्णपटात त्याचा माग लागतो. ययाती तारकासमूहातला, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा फाय पर्सेई हे याचे सर्वांत बोलके उदाहरण.

यातला मुख्य तारा ‘बीई’ प्रकारचा आहे : सूर्याच्या नऊपटींहून जड, स्वतःभोवती प्रचंड वेगाने फिरणारा आणि भोवती वायूची तबकडी असलेला. सहचराचे वस्तुमान जेमतेम सूर्याएवढे, पण तापमान सुमारे 53,000 केल्विन. एके काळी दोघांत जड होता तो हाच. तो फुगला तेव्हा त्याचे हायड्रोजनचे आवरण जोडीदाराने ओढून घेतले आणि मागे उघडा गाभा उरला. त्या वायूसोबत कोनीय संवेगही (फिरण्याचा जोर) गेला, म्हणून जोडीदार आज एवढा गरगरतो.

अतितप्त ताऱ्याचे बहुतेक प्रारण अतिनील पट्ट्यात असते. ते वातावरणात अडते, त्यामुळे अवकाशातली दुर्बीण हवी. अवघ्या 45 सेंमी आरशाच्या ‘आययूई’ उपग्रहाने (1978–1996) टिपलेल्या वर्णपटांत 1995 मध्ये हा सहचर सापडला. 1998 मध्ये हबल दुर्बिणीच्या वर्णपटांनी त्याची खात्री पटवली.

खरी गंमत वर्णपटातल्या रेषांत आहे : तारा आपल्याकडे येताना किंवा दूर जाताना त्या सरकतात आणि त्यावरून त्याचा वेग कळतो. मुख्य ताऱ्याच्या रेषा भ्रमणामुळे फिसकटलेल्या, आणि 126.7 दिवसांच्या कक्षेत त्यांचे सरकणे सेकंदाला फक्त 10 किमी. सहचराच्या रेषा बारीक, आणि त्या उलट दिशेने सेकंदाला सुमारे 81 किमी सरकतात. सुटी रेषा मात्र गोंगाटात बुडते. म्हणून तप्त ताऱ्याचा सैद्धांतिक वर्णपट प्रत्यक्ष वर्णपटावर सरकवत नेऊन असंख्य रेषांची जुळणी एकदम तपासतात. दोन्ही वेगांचे गुणोत्तर काढले की वस्तुमानांचे गुणोत्तर हाती येते : इथे साधारण आठास एक. पुढे कॅलिफोर्नियातल्या ‘चारा’ व्यतिकरणमापकाने (अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणणाऱ्या यंत्रणेने) हा सहचर वेगळा करून दाखवला (2015).

बृहल्लुब्धकातला एफवाय कॅनिस मेजॉरिस आणि हंसातला 59 सिग्नी यांचे सहचरही याच वाटेने सापडले. 2018 मध्ये आययूईचे जुने वर्णपट पुन्हा चाळताना आणखी डझनभर संभाव्य जोड्या निघाल्या. उपग्रह बंद पडून तेव्हा वीसहून अधिक वर्षे झाली होती. निवत चाललेला गाभा मात्र या पद्धतीला सहज चकवतो.

याहून जड, पुढे सुपरनोव्हा (ताऱ्याचा प्रचंड स्फोट) होऊ शकतील असे, आवरण गमावलेले ‘सोललेले’ तारे बराच काळ जवळपास सापडतच नव्हते. 2023 मध्ये मॅगेलन मेघांत, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिकांत, ते गटाने सापडले. तिथेही पहिला सुगावा अतिनील प्रकाशाच्या आधिक्यानेच दिला.