डिजिटल चित्रात पर्स्पेक्टिव्ह गाइड (दूर जाणाऱ्या रेषा आखायला मदत करणारी जाळी) लावलं की चित्रातली खोली (डेप्थ) आपोआप बरोबर येते?

नाही. हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. प्रोक्रिएट या चित्रकलेच्या अ‍ॅपचा ड्रॉइंग असिस्ट असो वा क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरचा व्हॅनिशिंग पॉइंट (दूर जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळताना दिसतात तो बिंदू) असिस्टंट, तो फक्त रेषेची दिशा सांभाळतो. मागे जाताना अंतर किती आखडायचं हे सांगत नाही. म्हणून रेषा अचूक असूनही खांबांची रांग खटकते.

जुनीच युक्ती इथे सर्वांत भरवशाची. एक किंवा दोन व्हॅनिशिंग पॉइंटच्या चित्रात दुसऱ्या खांबाच्या उंचीचा मध्य काढा. पहिल्या खांबाच्या माथ्यापासून त्या मध्यातून रेषा ओढा. ती खांबांचे बुंधे जोडणाऱ्या रेषेला छेदते तिथे तिसरा खांब. ही तिरकी रेषा ओढताना असिस्ट बंदच हवा, नाहीतर ती थेट व्हॅनिशिंग पॉइंटकडे खेचली जाते.

आणि दोन पॉइंटच्या चित्रात दोन्ही व्हॅनिशिंग पॉइंट कॅनव्हासमध्ये कोंबू नका; कडेच्या वस्तू ताणल्यासारख्या दिसतात.