विकास सोसायट्यांचे संगणकीकरण : खतावणीपासून सॉफ्टवेअरपर्यंत

गावोगावच्या विकास सोसायट्यांचा, म्हणजे शेतकरी सभासदांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थांचा, हिशेब देशभर एकाच सॉफ्टवेअरवर नेण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने 29 जून 2022 रोजी घेतला. 63 हजार संस्था, पाच वर्षे, 2,516 कोटी रुपये आणि अंमलबजावणी नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेकडे. मागणी मात्र जुनी आहे. सहकारी पतपुरवठ्यासाठी 2004 मध्ये नेमलेल्या वैद्यनाथन समितीने समान हिशेबपद्धती आणि संगणकीकरणाचा आग्रह धरला होता. पुढे 2017-18 च्या अर्थसंकल्पात याच 63 हजार संस्था तीन वर्षांत जिल्हा बँकांच्या कोअर बँकिंगला (सर्व शाखांचा हिशेब एकाच संगणकप्रणालीवर ठेवण्याच्या पद्धतीला) जोडू, 1,900 कोटी खर्चू, अशी घोषणा झाली. ती मुदत सरली आणि 2022 मध्ये योजना नव्याने मांडावी लागली.

मधल्या काळात जिल्हा बँका कोअर बँकिंगवर गेल्या. सोसायट्या बहुतेक ठिकाणी रोजकीर्द-खतावणीच्या, म्हणजे हाताने लिहिलेल्या हिशेबवह्यांवरच राहिल्या. काहींनी टॅली किंवा जवळच्या विक्रेत्याकडून सॉफ्टवेअर घेतले. त्यामुळे वरचा हिशेब संगणकात आणि खालचा कागदावर, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहिली. खरी अडचण या सांध्यात आहे.

सोसायटी जिल्हा बँकेकडून कर्ज घेते आणि सभासदांना वाटते. बँकेचे देणे आणि सभासदांकडून येणे यांचा मेळ बसला पाहिजे. येणे कमी पडले की त्या फरकाला ‘अनिष्ट तफावत’ म्हणतात. सभासदाने भरलेली रक्कम बँकेत वेळेवर न जाणे, व्याजाची आकारणी दोन्हीकडे वेगळी असणे, पैसा दुसरीकडे वापरला जाणे किंवा सरळ अपहार, अशी तिची कारणे असतात. बेरीज हाताने होत होती तोवर हा फरक ताळेबंदात एका ओळीत मावायचा. नवी प्रणाली सुरुवातीची शिल्लक सभासदनिहाय मागते, तेव्हा ती ओळ फोडून दाखवावी लागते. माझ्या मते या योजनेचा सर्वात मोठा फायदा हाच आहे, आणि सर्वात जास्त विरोधही इथेच होणार.

मार्चअखेरचे ‘नवे-जुने’ घ्या. सभासद जुने पीककर्ज भरतो आणि लगेच नवे उचलतो. खरे तर हे दोन स्वतंत्र व्यवहार आहेत. पण खतावणीत फक्त नवी बाकी लिहिली असेल, तर भरणा कोणत्या तारखेचा धरायचा? वेळेवर परतफेड केली की नाही, हे त्या तारखेवर ठरते आणि व्याजसवलतही. कर्जमाफीचेही तसेच. 2017 आणि 2019 च्या योजनांची रक्कम बँकेच्या पुस्तकात जमा झाली, तरी सोसायटीला ती सभासदाच्या नावे वेगळी टाकावी लागते. काही पानांवर तर अजून आजोबांचे नाव आहे, वारसनोंद झालेली नाही आणि आधार मात्र नातवाचे आहे.

म्हणून स्थलांतराची आखणी संगणक पोहोचण्याच्या दिवसापासून करून चालत नाही. आधी लेखापरीक्षण झालेली तारीख ठरवायची, शक्यतो 31 मार्च. त्या दिवसाची बाकी प्रत्येक सभासदाला दाखवून सही घ्यायची, बँकेच्या उताऱ्याशी ताळा घालायचा आणि मगच नोंदी भरायच्या. त्यानंतर निदान एक वसुली हंगाम दोन्ही दप्तरे सोबत चालवावीत. हे सगळे काम सोसायटीचे दप्तर सांभाळणाऱ्या गटसचिवावर पडते आणि एका गटसचिवाकडे अनेकदा दोन-तीन गावे असतात. त्याला मदतनीस आणि पुरेसा वेळ मिळाला नाही, तर जुनी तफावत जशीच्या तशी नव्या प्रणालीत जाईल, आणि तिथे ती छापील उताऱ्यावर अधिकृत आकडा म्हणून उमटेल.